मेलमधली मराठी फुटू नये म्हणून काय काय करायचं

आमच्या सोसायटीत मी एकटाच "कॉम्प्युटरवाला" (हे पद निवडणुकीशिवाय मिळतं आणि त्याचा राजीनामाही देता येत नाही), त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस मेलवर पाठवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी निम्म्या घरांत जो मेल पोचला त्याच्या सब्जेक्टमध्ये एका ओळीत नुसती प्रश्नचिन्हं. सचिव काकांचा फोन, "अरे एवढे प्रश्न कुणाला पडलेत?" गंमत म्हणजे आतला मजकूर व्यवस्थित मराठीत होता, फक्त सब्जेक्ट गेला होता. दुसऱ्या वर्षी सब्जेक्ट नीट केला तर जोडलेल्या पीडीएफचं नाव गेलं. तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो आणि आधी बसून हे सगळं वाचून काढलं, ते इथे लिहून ठेवतोय म्हणजे तुमची दोन वर्षं वाचतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मेल म्हणजे आपल्याला एक पत्र वाटतं, पण मराठीच्या दृष्टीने त्यात पाच वेगवेगळ्या जागा आहेत: सब्जेक्ट, पाठवणाऱ्याचं नाव, आतला मजकूर, जोडलेल्या फाइलचं नाव आणि खुद्द मेलचा पत्ता. या पाचही जागांचे नियम वेगळे आहेत, कारण ते वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी, जुन्या कापडाला ठिगळं लावावीत तसे लावलेत. म्हणून "माझ्याकडे तर मराठी दिसतंय" याला काही अर्थ नाही, पाचांपैकी कुठल्या जागेत दिसतंय ते सांगा.

ते जुनं कापड म्हणजे १९८२ सालचं. त्या वर्षी आरएफसी ८२१ आणि ८२२ निघाले (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले कागद समजा), त्यात मेल ही ७ बिटांची गोष्ट ठरली, म्हणजे एकूण १२८ चिन्हं, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, संपलं. आपल्या देवनागरीला युनिकोडमध्ये (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी) जो मुख्य गाळा मिळालाय तो एकटाच १२८ जागांचा आहे! तर १२८ चिन्हांच्या रस्त्यावरून आपली वरात न्यायची कशी, हा सगळा प्रश्न. उत्तर १९९२ मध्ये आलं, नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं स्टँडर्ड लिहिलं, आणि कीथ मूर यांनी हेडरमधल्या (म्हणजे सब्जेक्ट, नाव अशा वरच्या ओळींमधल्या) इंग्रजी सोडून इतर अक्षरांचे नियम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ मांडलं, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत (८ बिटांच्या तुकड्यांत) लिहायची पद्धत. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, पण एकमेकींना भेटून घरोघरी पोचायला पुढची बरीच वर्षं गेली, आणि मधल्या काळातला कचरा अजून आपण झाडतोय.

आता कामाला लागू. काहीही दुरुस्त करायच्या आधी काय तुटलंय ते बघून ओळखायला शिका, कारण मराठी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी फुटते आणि प्रत्येक तऱ्हेचा गुन्हेगार वेगळा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी आहे. याचा अर्थ पाठवतानाच कुणीतरी मराठीला लॅटिन किंवा आस्कीच्या (म्हणजे त्याच १२८ इंग्रजी चिन्हांच्या) साच्यात कोंबलं, अक्षर बसेना म्हणून त्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं, आणि मूळ अक्षर फेकून दिलं. ते परत येत नाही. मेल उघडणाऱ्याने कितीही सेटिंग बदलली तरी नाही. गुन्हेगार आधी पाठवणाऱ्याच्या बाजूला शोधायचा.

डोक्यावर तिरकी काडी असलेला छोटा ए आणि शेजारी चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं गोल, असं जोडीजोडीने पानभर दिसलं तर मात्र खूश व्हा, माल शाबूत आहे, फक्त लेबल चुकलंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ कायम तेच असतात, त्यांना विंडोजच्या पाश्चात्त्य चारसेटमध्ये (चारसेट म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर याचा तक्ता) वाचलं की ही जोडी दिसते. मधेच पायवाल्या गोलाऐवजी जपानी येनचं चिन्ह आलं तर तिथे दुसरी वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडायची खूण आहे. हे एकदा डोळ्यात बसलं की तुम्ही लांबूनच सांगता, "हा, यूटीएफ-८ आहे, लेबल लावा फक्त."

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह (हे � असं), तेही सगळीकडे नाही तर लांब मजकुरात एखाद-दुसऱ्या ठिकाणीच, म्हणजे कुणीतरी अक्षराच्या मधून कात्री चालवलीय, तीन बाइटांतले दोन इकडे आणि एक तिकडे. आणि रिकामे चौकोन दिसले तर मेलचा काही दोष नाही, बघणाऱ्याच्या मशीनवर फॉन्टमध्ये ते अक्षर नाहीये. "ॲ" या अक्षराचं जुन्या मशीनवर हेच व्हायचं, कारण ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोपर्यंत लोक अ वर चंद्र देऊन काम चालवायचे. अजूनही चालवतात, त्यामुळे "ॲडमिशन" असा फिल्टर लावला आणि समोरच्याने जुन्या पद्धतीने टाइप केलं असेल तर तो मेल सापडत नाही, कारण डोळ्यांना एक दिसलं तरी बाइट वेगळे.

बरं, हे नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही, कच्चा मेल बघायची सवय लावा. बहुतेक मेल सेवांमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेनूत "मूळ मेसेज दाखवा" असा काहीतरी पर्याय असतो, तो दाबला की मेल जसा वायरवरून आला तसा दिसतो. घाबरू नका, वरच्या पंचवीस-तीस ओळी सर्व्हरच्या गप्पा असतात, त्या सोडा आणि सब्जेक्ट, फ्रॉम आणि कंटेंट-टाइप या ओळी शोधा. एक छोटी युक्ती: बेस६४ (कुठलेही बाइट ६४ साध्या रोमन चिन्हांत लिहायची पद्धत) मध्ये गुंडाळलेला मजकूर "चार, के, एस" किंवा "चार, के, डब्ल्यू" या तीन चिन्हांनी सुरू झाला असेल तर आत देवनागरी आहे, डिकोड न करताच कळतं. माझ्या बायकोला ही युक्ती दाखवली तेव्हा ती म्हणाली "बरं", पण मला अजूनही भारी वाटते.

आता मजकूर. तो सगळ्यात सोपा, कारण त्यावर सगळ्यात जास्त लोकांचं लक्ष गेलंय. दोन ओळी बरोबर लागतात: कंटेंट-टाइपमध्ये चारसेट यूटीएफ-८ आणि कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंगमध्ये गुंडाळायची पद्धत. पहिली ओळ सांगते बाइटांचा अर्थ काय लावायचा, दुसरी सांगते ते बाइट प्रवासासाठी कसे बांधलेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि निम्मे लोक इथेच घोळ घालतात, बेस६४ लावलं म्हणजे मराठी चालेल असं समजतात. बेस६४ ही नुसती पिशवी आहे हो, आत काय आहे ते चारसेटने सांगायचं.

साधा मजकूर आणि एचटीएमएल असे दोन भाग पाठवत असाल तर दोन्ही भागांवर चारसेट लिहा. एचटीएमएलच्या आत मेटा टॅगमध्ये लिहिलंय म्हणून बाहेर नको, असं करू नका, आत एक आणि बाहेर दुसरं असेल तर बाहेरचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त. आणि एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषा मराठी म्हणून जरूर लिहा, "एमआर" हा कोड. कारण हिंदी आणि मराठीचं युनिकोड एकच, पण आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसायला वेगळे, आणि चांगल्या फॉन्टमध्ये भाषा मराठी सांगितली तरच ते रूप येतं. मेल वाचणारं ॲप हे पाळेलच असं नाही, पण लिहायला आपल्याला काही पैसे पडत नाहीत.

पिशवी कुठली घ्यायची? कोटेड-प्रिंटेबल ही पद्धत फ्रेंच-जर्मनसाठी छान, कारण त्यांच्या मजकुरात अधूनमधून एखादंच अक्षर वेगळं असतं. आपलं प्रत्येकच अक्षर वेगळं. त्या पद्धतीत एका बाइटला ३ चिन्हं, म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हाला ९, आणि इथे काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळं चिन्ह धरायचं. हजार चिन्हांची नोटीस ९ हजारांवर जाते. बेस६४ मध्ये तीच साधारण ४ हजार शंभर. मराठीला बेस६४च घ्या.

"पण आता सगळे सर्व्हर ८ बिट चालवतात, मग गुंडाळायचंच कशाला?" असं म्हणाल तर बरोबर आहे, ८बिटमाइम नावाची सोय १९९३ पासून आहे. पण तिथे एक खड्डा आहे आणि मी त्यात तोंडावर आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. मेलमध्ये एका ओळीची कमाल लांबी ९९८ बाइट. इंग्रजीत ९९८ अक्षरं म्हणजे भरपूर झाली, आपली मात्र ३३२ चिन्हांतच ओळ भरते, म्हणजे मराठीचा पन्नास-साठ शब्दांचा एक परिच्छेद. एचटीएमएल बनवणारी टूल्स तर अख्खं पत्र एकाच ओळीत ओततात. मग वाटेतला एखादा सर्व्हर नियमाप्रमाणे ९९० च्या आसपास ओळ तोडतो (काही जण तोडताना तिथे उद्गारचिन्हही टाकतात, कशाबद्दल आनंद झालाय कळत नाही), आणि तो तुकडा अक्षराच्या मधे पडला की तिथे �. आमच्या नोटिशीत नेमका थकबाकीच्या रकमेशेजारी पडला होता आणि दोन दिवस फोन येत होते की आमची रक्कम काळी का केलीय. बेस६४ मध्ये ७६ चिन्हांवर ओळ आपोआप तुटते, हा प्रश्नच येत नाही.

आता सब्जेक्ट, जिथे खरी मजा आहे. सब्जेक्टला चारसेट सांगायला वेगळी ओळ नाही, म्हणून त्याच ओळीत सांगायचं अशी पद्धत काढली, आरएफसी २०४७ मध्ये ती आहे, १९९६ चं. त्याला एन्कोडेड-वर्ड म्हणतात आणि कच्च्या मेलमध्ये ते असं दिसतं: =?यूटीएफ-८?बी?गुंडाळलेली अक्षरं?= (प्रत्यक्षात अर्थातच रोमनमध्ये). मधला बी म्हणजे बेस६४, त्या जागी क्यू असेल तर कोटेड-प्रिंटेबलचा भाऊ.

नियम असा की एक एन्कोडेड-वर्ड ७५ चिन्हांपेक्षा लांब नको. त्यातली १२ चिन्हं कंसासारख्या सजावटीत जातात, उरली ६३, बेस६४ चारच्या पटीत चालतं म्हणून ६०, आणि ६० मध्ये ४५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची बरोबर १५ चिन्हं. क्यू घेतलं तर फक्त ७! त्यापेक्षा लांब सब्जेक्ट असेल तर त्याचे तुकडे करायचे, आणि नियम स्पष्ट सांगतो की तुकडा अक्षराच्या मधे पडता कामा नये. पण कितीतरी घरगुती कोडमध्ये लोक आधी सगळ्याचं बेस६४ करतात आणि मग दर ६० वर कात्री मारतात. चाचणीला "मराठीमराठीमराठीमराठी" असं काहीतरी टाकतात, ते सुखरूप जातं कारण ४५ ला ३ ने भाग जातो, आणि मग म्हणतात आमचं बरोबर आहे.

खरा सब्जेक्ट घेऊन बघा. "वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना". पहिला शब्द ७ चिन्हांचा, २१ बाइट, मग स्पेस, आणि स्पेस हा १ बाइटचा, तिथेच हिशोब सरकला. पुढे ४५ वा बाइट येतो तो "सर्वसाधारण" मधल्या धा च्या कान्याच्या पोटात. कात्री तिथे, आणि लोकांना दिसतं "सर्वसाध��रण". तुमच्याकडे असं कुठे दिसलं तर आता कारण माहितीये, ४३ बाइटांवर थांबायला हवं होतं. हे हाताने करायच्या भानगडीत पडूच नका, प्रत्येक भाषेत याची तयार लायब्ररी आहे. फक्त चाचणीचा सब्जेक्ट स्पेसवाला, लांबलचक आणि मधे एखादा इंग्रजी शब्द किंवा आकडा असलेला घ्या.

तयार लायब्ररी घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका, डीफॉल्ट काय आहे ते बघा. पीएचपीमध्ये पीएचपीमेलर वापरत असाल तर चारसेटचं डीफॉल्ट आयएसओ-८८५९-१ (पश्चिम युरोपच्या भाषांचं) आहे, यूटीएफ-८ एका ओळीत आपण सांगावं लागतं, आणि ती एक ओळ न लिहिल्यामुळे किती मराठी साइट्सचे "पासवर्ड बदला" मेल फुटले असतील देव जाणे. पीएचपीचं मूळ मेल फंक्शन तर सब्जेक्टला हातही लावत नाही, जसा दिला तसा कच्चा ढकलतं, आणि कच्चे ८ बिट सब्जेक्टमध्ये दिसले की स्पॅम फिल्टरच्या भुवया वर जातात. पायथनमध्ये जुने माइमटेक्स्टवाले नमुने इकडून तिकडून उचलू नका, ईमेलमेसेज हा नवा क्लास घ्या, तो सब्जेक्ट आणि मजकूर दोन्ही नीट बांधतो. जावामध्ये सब्जेक्ट सेट करताना दुसरा पॅरामीटर म्हणून यूटीएफ-८ द्या, नाहीतर मशीनचं डीफॉल्ट घेतलं जातं, आणि जावा १८ च्या आधी विंडोज सर्व्हरवर ते यूटीएफ-८ नसायचं, म्हणून "माझ्या लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर प्रश्नचिन्हं" हा जुना खेळ.

पाठवणाऱ्याच्या नावालाही हेच एन्कोडेड-वर्ड लागतं पण दोन जास्तीच्या चुका फुकट मिळतात. एक, "सचिव, अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था" असं स्वल्पविराम असलेलं नाव म्हणून लोक ते दुहेरी अवतरणात टाकतात आणि मग एन्कोड करतात, की एन्कोडेड-वर्ड अवतरणाच्या आत अडकतो. नियमाने तिथे त्याला अर्थ नाही, त्यामुळे काही ॲप्स नाव दाखवतात आणि काही तो सगळा कच्चा खेळखंडोबा. अवतरण काढा, एन्कोड झाल्यावर स्वल्पविराम आतच लपलेला असतो, त्याचा त्रास होत नाही. दोन, नाव आणि पत्ता एकत्र धरून सगळंच एन्कोड करणं. मग सर्व्हरला पत्ताच सापडत नाही. फक्त नाव गुंडाळा, कोनी कंसातला पत्ता उघडा ठेवा.

जोडलेल्या फाइलचं नाव, हे माझं दुसऱ्या वर्षीचं दुखणं. "सभेची_सूचना.पीडीएफ" पाठवली, काहींना "नोनेम" म्हणून मिळाली, एका आजोबांना शेपटीच नसलेली फाइल मिळाली आणि ती त्यांच्या फोनवर उघडेना. कारण फाइलच्या नावासाठी तिसराच नियम आहे, आरएफसी २२३१, १९९७ चा, त्यात फाइलनेम या शब्दानंतर एक तारा, मग चारसेट, दोन एकेरी अवतरणं आणि मग टक्क्याच्या चिन्हांनी गुंडाळलेलं नाव. गंमत अशी की बऱ्याच प्रोग्रॅम्सनी हा नियम न पाळता सब्जेक्टवाली पद्धतच इथे वापरली, आणि मग वाचणाऱ्यांनीही दोन्ही वाचायला शिकून घेतलं, पण सगळ्यांनी नाही. म्हणून लायब्ररी २२३१ प्रमाणे करते का ते कच्च्या मेलमध्ये तारा बघून तपासा, आणि शक्य असेल तर सोबत एक साधं रोमन नावही द्या, म्हणजे ज्याला तारा कळत नाही तो ते घेईल. नाव छोटं ठेवा. खरं सांगू, सोसायटीच्या नोटिशीला मी आता फाइलचं नाव सरळ रोमनमध्येच देतो, आत मराठी आहे ना, झालं. भाषाप्रेमींनी माफ करावं, आजोबांना फाइल उघडली पाहिजे.

आता मेलच्या बाहेरची एक जागा, कारण निम्म्या वेळा मराठी मेलमध्ये फुटतच नाही, ती आधीच फुटलेली असते. सभासदांची यादी एक्सेलमध्ये असते, ती कुणीतरी साध्या सीएसव्हीत सेव्ह करतो, आणि त्याच क्षणी सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होतात, मेल बिचारा नंतर येतो. सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय आहे तो घ्या. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर तिथला "यूटीएफ८" हा प्रकार ३ बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी ३ बाइटांची म्हणून सगळं छान चालतं, वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही, मग एके दिवशी कुणीतरी "नमस्कार" पुढे हात जोडलेला इमोजी टाकतो, तो ४ बाइटांचा, आणि सेटिंग ढिलं असेल तर त्या इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गायब! नमस्कार पोचतो, नोटीस नाही. "यूटीएफ८एमबी४" घ्या, २०१० पासून आहे.

आणि अदृश्य जोडणी, ही खास मराठीची डोकेदुखी. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला तो आडवा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एक खालच्या टिंबाचा ऱ वापरून आणि दुसरी साध्या र ला पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून, ज्याला झीरो-विड्थ-जॉइनर म्हणतात. आता फॉर्म किंवा मेल टूल बनवणारे "न दिसणारी चिन्हं साफ करा" म्हणून ते चिन्ह काढून टाकतात, आणि आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात. आमच्याकडे कोजागिरीच्या हिशोबात अगदी हेच झालं, ऑडिटरने विचारलं हे आचार्य कोण. म्हणून साफसफाईच्या कोडमधून हे एक चिन्ह वगळा, आणि स्वतः टाइप करताना ऱ वाली पद्धत वापरा म्हणजे कुणी झाडू मारला तरी वाचेल.

जुन्या फॉन्टमधली फाइल आली तर? शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर म्हणजे मुळात रोमन कोड, ज्यांच्यावर मराठी आकाराचे मुखवटे चढवलेत. तो मेलमध्ये चिकटवला की मुखवटा गळून पडतो आणि खालचे इंग्रजी ढेकूळ दिसतात. यावर कुठलंही चारसेटचं लेबल चालत नाही, उगाच वेळ घालवू नका. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांनी वाचा, जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे जातात. घाई असेल तर पीडीएफ करून जोडा, फॉन्ट आत एम्बेड करून.

राहिला पत्ता. @ च्या डावीकडेही मराठी आणि उजवीकडेही मराठी, असा पत्ता होऊ शकतो का? होऊ शकतो. उजवीकडचं आधी जमलं: २००७ मध्ये आयकॅनने (डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था) चाचणीसाठी जी डोमेनं चालू केली त्यात देवनागरीतलं "उदाहरण.परीक्षा" होतं, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये आपलं .भारत सुरू झालं, जे हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा देवनागरी भाषांना मिळून एकच आहे. उजवी बाजू सोपी कारण तिला पडद्यामागे रोमन सोंग घेता येतं, पनीकोड म्हणतात त्याला. .भारत चं सोंग "एक्सएन--एच२बीआरजे९सी" असं आहे, डीएनएसला (डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधणारी यंत्रणा) तेवढंच कळतं आणि त्याचं काम भागतं.

डावी बाजू अवघड. "सचिव@उदाहरण.परीक्षा" मधल्या "सचिव" ला कुठलंही सोंग घेता येत नाही, कारण @ च्या आधीचं काय वाचायचं हा फक्त शेवटच्या सर्व्हरचा अधिकार आहे, मधल्याने त्यात हात घालायचा नाही. म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३० ते ६५३३ आले आणि एसएमटीपीयूटीएफ८ ही नवी सोय आली. चालते अशी: आपला सर्व्हर पुढच्याला एहलो म्हणतो, पुढचा स्वतःला येणाऱ्या गोष्टींची यादी वाचतो, त्यात एसएमटीपीयूटीएफ८ असेल तरच मराठी पत्त्याचा मेल पुढे जातो. नसेल तर मेल परत, कोड बहुतेक ५.६.७, म्हणजे इंग्रजीबाहेरचा पत्ता इथे चालत नाही. मधला कुणी भाषांतर करून पाठवेल अशी आशा ठेवू नका, आधी तसा प्रयोग झाला होता, तो सोडून दिला. साखळीतला प्रत्येक सर्व्हर तयार हवा, एक नाही म्हणाला की संपलं.

जीमेलने २०१४ पासून अशा पत्त्यांशी मेल देवघेव सुरू केली, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय २०१५ च्या ३.० पासून आहे, "एसएमटीपीयूटीएफ८_एनेबल" हे सेटिंग होय आहे का ते बघा. पण खरा अडथळा बरेचदा सर्व्हर नसतोच, वेबसाइटवरचा फॉर्म असतो. ब्राउझरच्या ईमेलवाल्या खान्यात @ च्या डावीकडे मराठी टाकली की तो तिथेच अडवतो, कारण त्या खान्याच्या नियमात डावी बाजू अजून आस्कीच आहे. तुमच्या फॉर्मला असे पत्ते घ्यायचे असतील तर खाना साधा टेक्स्टचा ठेवा आणि तपासणी म्हणजे एक @ आहे का, दोन्ही बाजूंना काहीतरी आहे का, एवढीच करा. पत्ता खरा आहे का ते त्यावर मेल पाठवूनच कळतं, कुठल्याही गुंतागुंतीच्या रेजेक्सने (अक्षरांचा साचा जुळवून बघणाऱ्या कोडने) नाही. डेटाबेसमध्ये ठेवायच्या आधी एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन करून घ्या, नाहीतर एकच पत्ता दोन वेगळ्या बाइटांनी दोनदा नोंदवला जातो. ते अदृश्य जोडचिन्ह मात्र पत्त्यात अजिबात नको, इथे माझा वरचा सल्ला उलटा, कारण फोनवर सांगताना ते कसं सांगणार?

माझं मत विचाराल तर मराठी पत्ता घ्या, हौसेने घ्या, पण सोबत रोमन टोपणपत्ता त्याच पेटीला जोडून ठेवा आणि बँकेला तोच द्या.

फोल्डरची नावं हा छोटा उपविषय, त्यात अडकलात तरच वाचा: आयमॅपमध्ये (सर्व्हरवरची मेलपेटी वाचायच्या नियमांत) मराठी नावाचा फोल्डर केला की जुन्या नियमात तो यूटीएफ-७ च्या एका बदललेल्या अवतारात साठवतात, अँपरसँडने सुरू होणारं गिचमिड. २०२१ च्या नव्या आयमॅपमध्ये सरळ यूटीएफ-८ आहे, पण बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये तुम्हाला जुनंच भेटेल. ते बिघडलेलं नाही, डिलीट करू नका.

शेवटी चाचणी कशी करायची ते. मी एक ठरावीक मेल बनवून ठेवलाय आणि नोटीस पाठवायच्या आधी तो तीन वेगळ्या मेल सेवांवरच्या माझ्याच पत्त्यांना आणि एका जुन्या फोनवर पाठवतो. सब्जेक्ट: "वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना २०२४-25, गच्ची लिकेजसह" (आकडे मुद्दाम अर्धे देवनागरी अर्धे रोमन). पाठवणारा स्वल्पविरामवाला. मजकुरात शंभर शब्दांचा एक सलग परिच्छेद, त्यात आचाऱ्यांना, ज्ञ, क्ष, ॲ, एक इमोजी. जोडलेली एक फाइल मराठी नावाची. मग प्रत्येक ठिकाणी उत्तर द्या दाबून परत स्वतःला पाठवतो, कारण जाताना नीट गेलेलं कधीकधी "रिप्लाय"मध्ये फुटतं, समोरच्याचं ॲप आपलं लेबल टाकून देतं आणि स्वतःचं लावतं.

गेल्या वर्षी सगळं नीट पोचलं. सब्जेक्ट, नाव, फाइल, सगळं. कोरम मात्र झाला नाही, अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा सभा घेतली.